होडीवाल्याची धाकटी

बुधवारी सकाळी साडेदहा वाजता शाळेच्या ग्रंथालयातून त्या कादंबरीच्या सगळ्या छापील प्रती काढण्यात आल्या. सुतळीने बांधलेले गठ्ठे व्हरांड्यात ठेवले गेले. चार वाजता गाडी येईल, असे शिपायाला सांगण्यात आले. मग शिक्षण खात्याचे साहेब हेडसरांना घेऊन ब्रेलच्या खोलीत शिरले.

खोली जिन्याखाली होती. पूर्वी तिथे खेळाचे सामान ठेवत, आणि दमट दिवसांत भिंतींना अजून चामड्याच्या चेंडूचा वास यायचा. बाई खिडकीपाशी बसून आठवीचा भूगोल टोचत होत्या. जाड कागद पत्र्याच्या पाटीत अडकवायचा, टोच्याने उजवीकडून डावीकडे एकेक ठिपका दाबत जायचे. कागद उलटला की तेच ठिपके उठून येतात आणि बोटाला डावीकडून उजवीकडे वाचता येतात. शाळेतल्या इतर शिक्षिकांना विषय लावून हाक मारत, गणिताच्या बाई, चित्रकलेच्या बाई. नुसत्या बाई म्हणजे ह्या. त्यांना जन्मापासून दिसत नव्हते.

साहेब कपाटासमोर उभे राहिले. एकसारख्या तपकिरी पुठ्ठ्यांचे जाडजूड खंड, आणि एकावरही शाईचे अक्षर नाही.

"ह्यातली ती कादंबरी कुठली?"

"माझ्याकडे पाहू नका," हेडसर म्हणाले. "मला सगळे सारखेच."

"बरं झालं सर," बाई म्हणाल्या. "एक दिवस तुम्हीही आमच्या बाकावर बसलात."

हेडसर हसले. साहेब वयाने लहान होते आणि सभ्य होते. हसावे की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

बाईंनी ठरवले असते तर भूगोल काढून हातात दिला असता. कुणाच्या बापाला कळले नसते. पण तक्रार कुणाची होती, ते त्यांना ठाऊक होते. नववीत ही कादंबरी लावलेली होती; वर्गात ती मोठ्याने वाचली जाई, म्हणून ब्रेलचे खंड अजून कपाटातच होते. होडीवाल्याच्या मुलीला तीत सगळा गाव एका शब्दाने हाक मारतो, आणि वर्गातल्या मुलांनी तो शब्द उचलून मागच्या बाकावरच्या मुलीला चिकटवला. ती बाईंचीच विद्यार्थिनी, बाईंसारखीच न दिसणारी. तिने काही दिवस ऐकून घेतले आणि मग ती वर्गात यायची थांबली. तिचे वडील शेगड्या दुरुस्त करत. त्यांनी काम बंद ठेवून खात्याच्या दाराशी खेटे घातले.

तो शब्द मात्र बाईंसमोर कुणी उच्चारला नव्हता. लोक त्यांच्यासमोर 'बघू या' म्हणतानाही चाचरत. पुस्तक बाईंना जवळजवळ पाठ होते. असेल एखादी नावाड्यांच्या तोंडची शिवी, असे धरून त्या चालल्या होत्या.

त्यांनी कपाटातून ते खंड एकामागून एक काढून टेबलावर उभे केले.

"नोंद करावी लागते," साहेब म्हणाले. "शब्द कुठं आहे तेवढं दाखवाल? सहावं प्रकरण, अगदी सुरुवातीला. मी वाचतो." त्यांनी बॅगेतली स्वतःची छापील प्रत उघडली. घसा खाकरला. "माफ करा हं बाई. 'अगं ए फुटके, काठावरून मागं हो.'"

बाईंचे बोट त्या ओळीवर होते. बोटाखाली होते, अगं ए धाकटे, काठावरून मागं हो.

"पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचले. बोटाखाली पुन्हा धाकटे आले.

"पुढचं ठिकाण?"

"तीन ओळी सोडून. 'फुटकीला काय कळतंय पाणी चढलं की उतरलं.'"

धाकटीला काय कळतंय पाणी चढलं की उतरलं. बाईंचे बोट ओळीच्या शेवटाला जाऊन तसेच राहिले. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी गठ्ठा भिंतीकडे सरकवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझ्यात तो शब्द नाही."

"कुठंच नाही?"

"मी कधी वाचला नाही."

साहेब खुर्ची ओढून बसले. त्यांच्या आवाजातला अवघडलेपणा गेला आणि तिथे खराखुरा आनंद आला. "बाई, हे तर फारच छान झालं. समितीत मी कधीपासून म्हणतोय, पुस्तक चांगलं आहे, तेवढा काटा काढता आला असता तर! तुमच्याकडं तर काटा काढलेली प्रत तयारच आहे. ही राहू दे. उलट हिच्यावरूनच नवीन छापून घेऊ, पोरांना पुस्तक परत मिळेल. कुणी केली ही?"

"माझ्या आईनं वाचली, मी टोचली. शाळेत लागले तेव्हा इथं देऊन टाकली."

"मोठ्या मनाची माउली. सोमवारपर्यंत एवढंच कळवा, की सगळे खंड तपासले, शब्द कुठंही नाही. डोळ्यांत तेल घालून..." ते अडखळले.

"घालते की," बाई म्हणाल्या. "तेल तेवढं वाया जाईल."

ते गेल्यावर बाई पुन्हा भूगोलापुढे बसल्या. एका नदीच्या उगमापाशी ओळ अर्धी राहिली होती. मग त्यांनी ग्रंथालयातल्या मामांना बोलावून घेतले.

"एक प्रत आणा."

"गठ्ठा बांधला की हो."

"सोडा."

"माझ्या गळ्याशी येईल, बाई."

"गाडी येईपर्यंत पुस्तकं शाळेचीच आहेत ना? शाळेचं पुस्तक शाळेत वाचायला बंदी आहे का?"

"तुम्ही वकील व्हायचं ते इथं कुठं अडकलात," असे पुटपुटत मामा गेले आणि प्रत घेऊन आले. चष्मा पुसून त्यांनी पहिले पान उघडले. त्यांचा आवाज खरखरीत होता, पण शब्द नीट येत. "'होडीवाल्याला दोन मुली. थोरली नदीसारखी वाहती. धाकटी जन्मांध.'"

बाईंच्या खंडात होते, धाकटी शांत.

"पुढं," त्या म्हणाल्या.

दुपार चढत गेली. पंखा एका बाजूला कुरकुरत फिरत होता. मामा वाचत होते, बाईंचे बोट त्यांच्या मागून आईच्या वाटेने चालत होते, आणि जिथे दोन वाटा फुटत तिथे बाई कागदाचा कोपरा मुडपत. हळूहळू मामांचा आवाज दूर गेला. त्याच्या खाली दुसरा आवाज सुरू झाला, स्वयंपाकघरातला, रात्रीच्या भांड्यांनंतरचा. आई वाचतेय, मांडीवर पाटी घेऊन आपण टोचतोय, आणि खोलीभर नदी आहे. ओल्या दोराचा वास. लाकडाला थापटणारे पाणी. ह्या पाण्यात त्या किती वर्षे झोपल्या होत्या. झोप लागेना तेव्हा त्या होडीत जाऊन बसत, आणि काठावर ती धाकटी असे, काही न बोलणारी. धुक्याच्या सकाळी ती काठावर पत्र्याचा डबा वाजवते आणि बाप त्या आवाजाच्या रोखाने होडी आणतो. बाईंना त्यात कधी नवल वाटले नव्हते. काठ शोधायचा तर आवाजानेच शोधणार. आणखी कशाने शोधतात?

"म्हणून तिलाच उभं करत होता हो बाप," मामा पान उलटताना म्हणाले. "तिला धुकं काय, ऊन काय, सारखंच."

आई वाचता वाचता थांबायची. थांब गं, दूध बघते, म्हणून उठायची. परत येऊन बसली की आवाज थोडा जपून यायचा, जसे भरलेले भांडे आणावे. दूध तापल्याचा वास मात्र त्या वेळी बाईंना कधी आला नव्हता. हे त्यांच्या आत्ता लक्षात आले.

शाळेत असताना एकदा त्यांनी आईला विचारले होते, आई, पुस्तकांत माझ्यासारखं कुणीच कसं नसतं? आई म्हणाली होती, असेल गं कुठंतरी, जगात पुस्तकं का थोडी आहेत? तेव्हा कादंबरीचा शेवटचा खंड नुकताच पुरा झाला होता. शिवायचा बाकी होता.

"बाई," मामा म्हणाले. "गाडी आली."

पहिलाच खंड संपला होता. मामांनी पुस्तक मिटले, पण ते लगेच उठले नाहीत. "ठेवून घेऊ का एक? विचारलं तर म्हणतो, मोजताना चुकलो."

"नको. तुमचं पेन्शन माझ्या डोक्यावर नको."

मामा उठले. सुतळी पुन्हा बांधल्याचा करकर आवाज आला. मग गाडीचा दरवाजा लागला.

शनिवारी शाळा सुटल्यावर नववीतली मुलगी आली. वर्गात ती येत नव्हती, पण ब्रेलच्या तासाला वडील तिला फाटकापर्यंत सोडत आणि बाहेरच उभे राहत. ती नेहमीच्या जागी बसली. टेबलावर उभे खंड होते. तिने पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

"हेच ना ते, बाई?"

"हेच."

"बाबा म्हणाले सगळी नेली."

"हे राहिलं. ह्यात तो शब्द नाही म्हणून राहिलं."

मुलगी मागे टेकली. बाईंना वाटले तिला बरे वाटले असेल.

"म्हणजे ह्यात ती नाहीच का?"

"कोण?"

"जिच्यावरून मला म्हणतात ती. बाई, सगळ्या वर्गानं मला तिचं नाव ठेवलं, पण तिचं काय होतं ते मला कुणीच सांगितलं नाही. पुढं काय करते, मरते का जगते. आमचा सहावा धडा झाला आणि बाबांनी मला घरी बसवलं." तिने नाक ओढले, रडण्याचे नव्हे, चिडल्याचे. "मी म्हटलं, निदान पुस्तक तरी द्या. तर तेच बंद केलं."

"आहे ती ह्यात. पण माझ्या आईनं तिला वेगळी करून ठेवलीय. माझ्यासाठी."

"म्हणजे कशी?"

"बरी. कुणी तिला वाईट बोलत नाही. फक्त तिला दिसत नाही, हे कुठंच नाही."

"मग ती काठावरच का बसते?"

बाई हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना न पडलेला प्रश्न मुलीने खंड न उघडता विचारला होता.

"खरा शब्द घातला तर तुला लागेल," त्या म्हणाल्या.

"ते लागून झालंय, बाई."

बाईंनी पहिला खंड आडवा घेतला आणि सहाव्या प्रकरणातला मुडपलेला कोपरा उघडला. टोच्याची मागची बाजू गोल असते. ती ठिपक्यावर ठेवून अंगठ्याने दाबायची, ठिपका बसेपर्यंत. आईचा शब्द त्या एकेक ठिपक्याने खाली बसवत गेल्या. साहेबांना शेवटी काय सांगावे लागणार, हे त्यांना आता ठाऊक होते आणि त्याचा परिणामही: प्रत अशुद्ध ठरणार, खंड गठ्ठ्यांच्या मागोमाग जाणार, नवीन छापायचे राहणार. आईची तेवढीच एक वस्तू त्यांच्याकडे होती. एकदा त्या थांबल्या आणि दोन्ही तळहात पानावर ठेवून बसल्या.

मग कागद पाटीत अडकवला आणि त्याच जागी नवा शब्द टोचला. आईच्या शब्दाला पाच घरे लागली होती. ह्यालाही पाचच लागली.

"वाच."

मुलीचे बोट ओळीवरून गेले, थांबले, मागे आले. "फुटके," ती म्हणाली, सावकाश, एखाद्या अनोळखी माणसाला हाक मारावी तसे. मग, "बाई, ह्याच्या खाली आणखी काहीतरी लागतंय."

"ते आधीचं. ठिपका कधी पुरता बसत नाही."

"दोन्ही वाचता येतात."

"येतात."

अंधार पडेपर्यंत पहिल्या खंडातली सगळी ठिकाणे झाली. आईने गाळलेली वाक्ये, मामांच्या तोंडून ऐकलेली, बाईंनी आठवून वेगळ्या पट्ट्यांवर टोचून त्या त्या पानाला चिकटवली. फाटकाबाहेर वडील दोनदा खाकरले. मुलीने खंड पोटाशी धरला आणि ती गेली. काय आहे ते, असे वडिलांनी विचारलेले बाईंना ऐकू आले. धडा, असे मुलगी म्हणाली.

सोमवारी साहेबांचा फोन आला तेव्हा तपासणी चालू असल्याचे बाईंनी हेडसरांकरवी कळवले. हेडसरांनी किती दिवस, असे विचारले नाही. त्यांनी खोलीच्या दारातून टेबलावर सांडलेले कागदाचे कपटे पाहिले आणि ते परत गेले.

दुसऱ्या खंडाचे काम अवघड आहे. छापील प्रत आता जवळ नाही. जिथे जिथे धाकटी आहे, तिथे लेखकाने खरोखर धाकटीच लिहिले होते की आई दूध बघायला उठली होती, हे बाईंना एकेका ओळीवर बोट ठेवून ठरवावे लागते. काही ठिकाणी त्यांनी आईचा शब्द राहू दिला आहे.

पहिला खंड अजून परत आलेला नाही. मुलगी परवा येऊन सांगून गेली, की ती तो घरी मोठ्याने वाचते. वडील शेगडीचे भाग पुढ्यात घेऊन ऐकत बसतात, आणि वाचन सुरू झाले की त्यांच्या हातातला पाना थांबतो. त्या शब्दापाशी आली की ती तो तसाच वाचते, की वडिलांसाठी दुसरा एखादा घालते, हे बाईंनी तिला विचारलेले नाही.