पाच इंच वर

चार वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून विल्डा स्टॅनहोपने कुणापुढे हात पसरला नव्हता, आणि त्याचा तिला जरा जास्तच तोरा होता. गाडीमागे जोडलेल्या अठरा फुटी ट्रेलरमधला संसार ती एकटीच ओढत हिंडायची. हिवाळ्यात मुक्काम ॲरिझोनाच्या वाळवंटात, तिच्यासारख्याच फिरत्या म्हाताऱ्यांच्या तळावर.

यंदा मात्र तिला न्यू मेक्सिकोत लेकीकडे वेळेत पोचायचं होतं. जोलीनचं पहिलंच बाळंतपण, आणि दिवस भरत आलेले. तिचं घर एका खोलीचं, म्हणजे विल्डाला महिनाभर राहायला स्वतःचा ट्रेलर न्यायलाच हवा. वाटेत तीन कोरडे ओढे होते. मागच्या वर्षी पहिल्याच ओढ्यात ट्रेलरचं ढुंगण टेकलं, सांडपाण्याचा पाइप उपटून पडला आणि बाई आल्या वाटेने माघारी फिरल्या.

म्हणून तिने ट्रेलर उंच करायचा ठरवला. तिच्या ट्रेलरच्या स्प्रिंगचे पाटे ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, खाली बांधलेले होते. ते वर आणले की अख्खा ट्रेलर पाच इंच उचलला जातो. पाटे टेकायच्या लोखंडी बैठका ॲक्सलच्या खालच्या अंगाला होत्या. मग ॲक्सलच उलटा फिरवला तर? बैठका आपोआप वर, वेल्डिंगची कटकट नाही. आपल्या हुशारीवर खूश होऊन तिने ट्रेलर ठोकळ्यांवर चढवला आणि बोल्ट सोडले.

तळावरचा रिवाज असा, की न विचारता कुणाच्या कामात नाक खुपसायचं नाही. शेजारचा ओरिन टॅकेट, जन्मभर वेल्डिंग केलेला खडूस गडी, सकाळपासून खुर्चीत बसून ओठ मिटून बघत होता. विल्डाने ॲक्सल फिरवायला हात घातला तशी त्याची कॉफी सांडली.

"अहो बाई, थांबा! काय आरंभलंय हे?"

"मला जमतं, ओरिन."

"जमतं म्हणूनच भीती वाटते!"

त्याने ॲक्सलच्या खालून टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणली. मधे बोट जाईल एवढी फट दिसली.

"बघा, हा मधे वर फुगलाय. मुद्दाम. वजन पडलं की सरळ होतो. उलटा घातलात तर खाली वाकेल, चाकं तंगड्या फाकतील, आणि दोनशे मैलांत टायरच्या चिंध्या. मग बसा हायवेवर भजन करत!"

"तुम्हाला बरं एवढं ठाऊक?"

ओरिन दोरी गुंडाळत राहिला. "मीच केलं होतं. वेल्डर असून, आळसापायी. दोन्ही टायर फुटले. मुलाचं लग्न लागलं तेव्हा मी रस्त्याच्या कडेला बसलो होतो. त्याला अजून ते विसरता आलेलं नाही."

विल्डा पाना हातात धरून उभी राहिली. जोलीन कळा देत असताना आपण असंच कुठेतरी बसलो असतो, या विचाराने तिने पाना खाली ठेवला.

"मला मदत कराल?" ती म्हणाली. हे चार वर्षांत पहिल्यांदाच.

"मग इतका वेळ कशाची वाट बघतोय मी?"

मग काय, अख्खा तळ लोटला. कुणी जनरेटर आणला, कुणी जाडे ठोकळे, आणि बाकीच्यांनी फुकटचे सल्ले. ओरिनने ॲक्सल होता तसाच ठेवून वरच्या अंगाला नव्या बैठका जोडल्या आणि पाटे त्यांच्यावर बसवले. मजुरीचं नाव काढताच तो अंगावर धावून आला. तेव्हा विल्डाने मोठं पातेलं भरून बीन्स शिजवले, मक्याचा पाव भाजला आणि सगळ्यांना जेवू घातलं. माणसं मागून मागून खात होती. इतकी वर्षं आपण या सुखाला दार लावून बसलो होतो, असं तिला वाटलं.

चौथ्या दिवशी ती जोलीनच्या वाटेला लागली. पहिला ओढा आला. तिने श्वास रोखला. काहीच खरवडलं नाही. दुसराही पार. तिसऱ्यात ती देवाचं आणि ओरिनचं नाव एकाच दमात घेत होती.

दारात जोलीन उभी होती, पोट दोन्ही हातांनी सावरत. विल्डाने गाडीतूनच आधी फोन लावला.

"ओरिन, पोचले. बाळ अजून यायचंय. तुम्ही पोचवलंत मला. हे उपकार मी जन्मात विसरायची नाही."

पलीकडे ओरिनने घसा खाकरला.

"मग जा की बाई पोरीजवळ! माझ्याशी काय बोलत बसलात?"