बोटाचा अंदाज

छायाने डबीतलं क्रीम मनगटावर चोळून पाहिलं. पुन्हा तीच कचकच. इतकं रवाळ तुपाला शोभलं असतं, क्रीमला नाही.

सकाळपासूनचा हा तिसरा घाणा. गोडादऱ्याच्या वस्तीतल्या ज्या बायका दिवसभर साड्यांवर खडे चिकटवतात त्यांची बोटं गोंदाने भेगाळतात. त्यांच्यासाठी ती घरीच हे क्रीम करते. या खेपेला भेगा भरून काढणारी नवी पावडर आणली होती, आणि त्या चिमूटभर पावडरीने तिच्या नाकी नऊ आणले होते. इतकी दमली होती की कुणी नुसतं "बस जरा" म्हटलं असतं तरी तिला रडू आलं असतं.

खाटेवरून तिच्या नवऱ्याने, निंबाने, विचारलं,

"पावडर कव्हय टाकस?"

"क्रीम थंड व्हयनं का टाकस."

"मंग कशी इरघळी? पहिले गरम तेलमा टाक. रंगनं बी तसंच ऱ्हास."

महिन्याभरात तो आज पहिल्यांदा कामाचं काही बोलला. तीस वर्षं त्याने प्रिंट मिलमध्ये धुलाईच्या हौदावर काढली होती. हौदाचं तापमानाचं मीटर कधीच बंद पडलेलं. निंबाने बोट बुडवून "झालं" म्हटलं की झालं. गेल्या महिन्यात मात्र पाणी भलतंच तापलं आणि साड्यांच्या अख्ख्या लॉटचा रंग गेला. निंबाने शेठला सांगितलं, मी पाहिलं तेव्हा पाणी कोमट होतं, बॉयलरवाल्याने नंतर वाफ जास्त सोडली. बॉयलरवाला काशिनाथ, त्याच्याच गावचा. त्याला काढून टाकलं. काशिनाथची बायको सुंदरा भांडायला आली, तेव्हा छायाने तिला नळावर चार बायकांत सुनावलं होतं. माझा माणूस खोटं बोलत नाही, असं म्हणाली होती.

तिने तेल आणि मेण गॅसवर ठेवलं, त्यात पावडर टाकली. पुडीवर बारीक अक्षरात ऐंशी अंश लिहिलं होतं, ते तिने आत्ता वाचलं. तिने थर्मामीटर पातेल्यात धरला. निंबा उठून आला आणि सवयीने त्याने बोट बुडवलं.

"कोमट शे. आखो तपू दे."

छायाने आकडा पाहिला. ब्याऐंशी.

"बोट काढा," ती म्हणाली.

तो तसाच उभा. तिनेच मनगट धरून हात बाहेर ओढला. बोट लालबुंद झालं होतं, आणि हिला एकदम काय झालं, अशा नजरेने तो तिच्याकडे बघत होता.

तिने त्याचं बोट नळाखाली धरलं. गप्प बसावं, असं तिला फार वाटलं. काशिनाथला आज ना उद्या दुसरीकडे काम लागेल, लोक विसरतील, आणि आपल्या घरची चूल तर चालू आहे. पण मग सुंदराचं तोंड तिला रोज नळावर बघावं लागणार होतं. तिने थर्मामीटर उचलून त्याच्यासमोर धरला.

निंबाने आकडा वाचला. बोटाकडे पाहिलं. पुन्हा आकडा वाचला.

"दुखत नही शे," तो म्हणाला.

"कव्हयपासून?"

त्याने नळ बंद केला. खुंटीवरचा सदरा काढला आणि ओल्या हातांनीच अंगात घातला. बटणं लावायला त्याला वेळ लागला.

"कोठे चालनात?"

"काशिनाथकडे. मंग त्याले लिसन शेठकडे."

छायाने गॅस बंद केला आणि पायात चपला सरकवल्या.

"थांबा," ती म्हणाली. "सुंदराले नळवर मी बी बोलेल शे."