भुकेचं जेवण

पाटोद्याच्या चर्चमध्ये ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातल्या काही रविवारी जे जेवण ठेवायचं ठरलं, त्याला पास्टर सोमनाथ यांनी मोठं नाव दिलं होतं : जागतिक भूक जागृती प्रीतिभोजन. ते काही लोकांच्या तोंडी बसलं नाही. पहिल्या जेवणानंतरच सगळे त्याला भुकेचं जेवण म्हणायला लागले, आणि शुलमिथला तेच जास्त बरोबर वाटलं.

शुलमिथ शाळेत विज्ञान शिकवायची. बायबलातलं तिचं हे नाव मुलांना कधी पेललं नाही. तिची ‘शालूमॅडम’ होऊन वीस वर्षं झाली होती. तिनं लग्न केलं नव्हतं. ती पाटोद्यात खोली घेऊन राहायची आणि तिची आई, सारजाबाई, मांजरसुंब्याच्या वाटेवरच्या त्यांच्या वस्तीवर एकटीच राहायची. बोलावलं तर म्हणायची, तुझ्या खोलीत मला अंगण कुठं हाय?

त्या दिवसांत सारजाबाईंना घास गिळता येत नव्हता. आधी भाकरी अडायला लागली, मग भात, मग दुधात कुस्करलेलं काहीही. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. मुलगी तर जगातल्या उपाशी माणसांच्या मागं लागलेली होती.

जेवणाची कल्पना पास्टरांची, पण त्याचा नियम शुलमिथचा. पहिल्या खेपेला सगळं हसण्यावारी गेलं होतं. लोकांनी घरून लोणचं आणलं, कुणी शेंगदाण्याची चटणी, आणि बघता बघता त्याची सहल झाली. शुलमिथ रागावली नाही, पण पुढच्या बैठकीत तिनं शांतपणे सांगितलं की भूक समजावून सांगता येत नाही, ती थोडी तरी लागावी लागते. मग ठरलं ते असं : जोंधळ्याच्या कण्यांची पातळ पेज, माणशी एक ओगराळं, वर पाणी. सोबत काही नाही आणि दुसऱ्यांदा वाढणं नाही. जात, धर्म, वय काही बघायचं नाही, जो येईल त्याला तेवढंच. ओगराळं तिनं स्वतःच्या हातात घेतलं, कारण बाकीच्या बायकांना नाही म्हणणं जमणार नाही हे तिला ठाऊक होतं.

पेजेचा जोंधळा मुठीच्या धान्यातून यायचा. मंडळीतल्या बायकांची ही जुनी रीत. रोजच्या स्वयंपाकाला धान्य काढलं की त्यातली एक मूठ प्रभूची म्हणून वेगळ्या डब्यात टाकायची आणि रविवारी पिशवीत भरून चर्चमध्ये आणायची. सारजाबाईंनी ही रीत लग्न होऊन आल्यापासून कधी मोडली नव्हती. सकाळी आपल्यापुरता जोंधळा सुपात काढायचा, त्यातली एक मूठ डब्यात, बाकीचा दळणाला. घरात जोंधळ्याला तोटा नव्हता. वाट्यानं दिलेल्या रानातून वर्षाचं आरामात यायचं.

उपवासकाळ सुरू झाला आणि त्यांची पिशवी फुगायला लागली. दर रविवारी आदल्या रविवारपेक्षा जड. पास्टरांनी एकदा ती पिशवी वेदीजवळ उचलून धरली आणि म्हणाले, बघा, या आईनं आपल्या तोंडचं काढून दिलंय. मंडळीनं हालेलुया म्हटलं. सारजाबाईंनी पदर पुढं ओढून मान खाली घातली. शुलमिथचा ऊर भरून आला. उपदेशात अशी वाक्यं नेहमीच असतात. ते अक्षरशः खरं असेल हे तिच्या मनात आलं नाही.

दुसऱ्या जेवणाला गावची बरीच माणसं आली. एका पार्टीचे पुढारी मोहनराव आले, कारण पास्टरांनी त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. वाटीत डोकावून ते म्हणाले, “एवढ्यासाठी गाडी काढली व्हय मी? पास्टर, निवडनुकीत मला असंच जेवन घालायला लावतायसा काय?”

वस्तीवरचे शेजारी तात्याबा आणि छबुबाईही आले होते. त्यांच्या शेळ्या-मेंढ्या होत्या आणि त्या रविवारी त्या राखायला त्यांचा भाचा आला होता. तात्याबानं पेज एका दमात संपवली, वाटी उलटी करून दाखवली आणि बायकोला म्हणाला, “आपल्या शेळ्यास्नी बी दुसऱ्यांदा पानी इचारतेत.” ओळीतली माणसं हसली. शुलमिथही हसली, पण ओगराळं खाली ठेवलं नाही.

मग सारजाबाई परत ओळीत आल्या.

त्यांनी पहिली वाटी कोपऱ्यात बसून, भिंतीकडे तोंड करून, घोट घोट घेत संपवली होती. पेज पाण्यासारखी होती, ती खाली उतरली. किती दिवसांनी पोटात काही ऊन ऊन गेलं होतं. घरी त्यांना अशी पेज करून पाहायचं सुचलं नव्हतं असं नाही. पण एकटीसाठी कण्या भरडायच्या, शिजवत बसायचं, ढवळायचं, एवढी ताकद हातात उरली नव्हती. वाटी पुढं करून त्या हळूच म्हणाल्या, “अर्धं घाल गं आनखी.”

शुलमिथनं इकडंतिकडं पाहिलं. मोहनराव पाहत होते, मंडळी पाहत होती. आईला दिलं तर मग कुणाला नाही म्हणायचं?

“माय, नेम सगळ्यांना एकच हाय,” ती म्हणाली.

“अर्धंच.”

“नाही गं माय. आज भूक लागू दे थोडी. त्यासाठीच तर आहे हे.”

सारजाबाईंनी वाटीकडं पाहिलं आणि मान हलवली. “बरं बाई,” म्हणाल्या, आणि जाता जाता वळून, “दर रविवारी ठिवत जा की हे जेवन.”

जवळच्या बायका कौतुकानं हसल्या. पास्टरांनी ते वाक्य पुढच्या उपदेशात घेतलं.

जेवणानंतर शुलमिथ नेहमीप्रमाणे म्हणाली की खोलीवर चल, मी आपल्या दोघींना काहीतरी करते. सारजाबाई म्हणाल्या, छबूनं पिठलं केलंय, तिच्याकडं जेवणार हाय. छबुबाईला त्यांनी सांगून ठेवलं होतं की शुलूकडं खाऊन येते. आणि आठवड्यातल्या इतर दिवशी, छबुबाई भाकरी घेऊन आली की, आमचा उपास चालू हाय. छबुबाईच्या घरी चतुर्थी, एकादशी, सोमवार सगळं पाळलं जायचं. देवासाठी उपाशी राहणारी म्हातारी तिला अजिबात नवी नव्हती. उलट ख्रिस्ती माणसंही एवढा कडक उपास करतात हे पाहून तिचा सारजाबाईंबद्दलचा आदर वाढला होता. ती रोज संध्याकाळी शेळीचं दूध आणून देत राहिली.

आई वाळत चाललीय हे शुलमिथला दिसत नव्हतं असं नाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. एकदा तिनं विचारलंही. सारजाबाई म्हणाल्या, या वयात माणूस सुकतंच, तुझी आजी कशी झालती? शुलमिथला आजी आठवली आणि तिला ते पटलं. वर्गात ती मुलांना सांगायची की एका निरीक्षणाला दोन-तीन कारणं असू शकतात आणि सगळ्यात सोयीचं कारण आधी तपासून बाजूला काढायचं असतं. आईच्या बाबतीत तिनं नेमकं तेच कारण धरून ठेवलं.

तिसऱ्या जेवणाच्या आधी धान्य कमी पडेलसं वाटलं, म्हणून शाळा सुटल्यावर ती वस्तीवर गेली. छबुबाई दारात शेळ्यांना पाला टाकत होती. तिनं पाला तसाच सोडला आणि पुढं आली.

“शालूबाई, मावशीचा उपास कवा सुटायचा हाय?”

“ईस्टरला. पण तसा काही पूर्ण उपास नसतो आमच्यात. संध्याकाळी जेवतातच सगळे.”

“संध्याकाळी?” छबुबाईनं पदरानं हात पुसले. “संध्याकाळी तर काईच खात न्हाईत त्या. भाकर आनली तर परत धाडतेत. रविवारी तेवढं तुमच्याकडं खातेत म्हून बरं हाय.”

शुलमिथनं चप्पल काढली नाही, तशीच आत गेली.

सारजाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. चुलीत विस्तव नव्हता. समोर वाटीत दुधात भिजवलेला भाकरीचा पापुद्रा होता, बोटभर. त्यांनी एक कण तोंडात घातला, डोळे मिटून गिळायचा प्रयत्न केला, छातीवर हात दाबला, आणि मग वाकून तो कण पदरात परत काढला. मागं कुणी उभं आहे हे त्यांना नंतर कळलं.

“कधीपासनं, माय?”

“हितं अडतंय बघ,” त्यांनी छातीच्या मधोमध बोट ठेवलं. जणू मुलीला काहीतरी दाखवायचं राहून गेलं होतं. “पानी जातंय. दूध बी जातंय थोडं.”

“मला का नाही सांगितलं?”

“सांगनार होते. पर तू लई कामात होतीस.” त्यात टोमणा नव्हता, तक्रारही नव्हती. “रोज सुपात काढत होते गं. सवय हाय. मग वाटलं, आपल्याच्यानं खानं होत न्हाई, तर कुनाच्या तरी मुखी लागू दे. म्हून समदंच डब्यात घालत गेले.”

शुलमिथ खाली बसली. दरवर्षी ती फळ्यावर खडूनं ते चित्र काढायची : तोंड, घसा, अन्ननलिका, जठर. अन्ननलिका म्हणजे दोन सरळ समांतर रेषा. काढायला सगळ्यात सोपा भाग. मुलं ती नेहमी घाईत काढायची आणि तीही त्यावर फारसं बोलायची नाही.

बीडला तपासणी झाली, पुढं संभाजीनगरला झाली. गाठ होती, आणि ती तिथंच थांबलेली नव्हती. डॉक्टर बाई समजूतदार होत्या. नळीत जाळी बसवू, म्हणाल्या, म्हणजे पातळ जाईल. पण त्यानं आजार मागं फिरणार नाही. चार महिने आधी आलो असतो तर, असं शुलमिथनंच विचारलं. बाईंनी फाईल मिटली आणि म्हणाल्या की तसं सांगता येत नाही. शुलमिथला कळलं की सांगता येतं, फक्त त्या सांगत नाहीयेत.

जाळी बसवली. काही दिवस दूध, ताक, डाळीचं पाणी गेलं. मग तेही अडायला लागलं. सारजाबाईंनी घरी न्यायला सांगितलं. शुलमिथनं शाळेतून रजा घेतली आणि वस्तीवर राहायला आली. पास्टर प्रार्थनेला आले, तेव्हा जाताना अंगणात त्यांनी विचारलं की भुकेचं जेवण या वर्षी पुढं चालू ठेवायचं की थांबवायचं. तिनं सांगितलं, तुम्ही ठरवा. त्यांना वाटलं, ती दमली आहे. ती दमली होतीच.

घरात तिनं चूल पेटवणं बंद केलं. ज्या माणसाला खाता येत नाही त्याच्या नाकाशी फोडणीचा वास जाऊ द्यायचा नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. दूध ती छबुबाईच्या चुलीवर तापवून आणायची. स्वतः काही खायचं तर मागं, शेळ्यांच्या वाड्याच्या आडोशाला जाऊन, उभ्यानं. बिस्किटं, चुरमुरे, कधी छबुबाईनं हातात कोंबलेली अर्धी भाकरी. खाऊन झालं की चूळ भरून, तोंड पुसून आत यायची. तिला ते चोरी केल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी सारजाबाईंनी हाक मारली. आवाज अगदी बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते.

“घरात चूल कावून बंद हाय?”

“छबूकडं करते मी सगळं.”

“खोटं बोलू नकं. तोंड बघ तुझं.” त्या थांबल्या, श्वास घेतला. “मेलेल्याच्या घरची चूल बंद ठिवतेत. मी हाय अजून.”

शुलमिथ उभी राहिली.

“भाकर टाक,” सारजाबाई म्हणाल्या. “आन् लसनाची चटनी कूट. हितं. माझ्यापाशी.”

“तुला त्रास होईल, माय.”

“त्रास व्हायला काय राहिलंय? वास येऊ दे मला.”

तिनं चूल पेटवली. पीठ मळलं. हात कधीचे विसरले होते. खोलीवर ती पोळ्याच करायची. पहिली भाकरी थापताना काठ फुटला. सारजाबाई कुशीवर वळून पाहत होत्या. पानी कमी पडलंय, म्हणाल्या. दुसरी नीट गोल झाली. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, मग विस्तवाला लावली. ती टम्म फुगली आणि भाजक्या जोंधळ्याचा वास घरभर झाला. सारजाबाईंनी डोळे मिटले आणि नाकानं लांब श्वास ओढला.

“बस. खा आता.”

शुलमिथ खाटेला टेकून जमिनीवर बसली. भाकरी मोडली, चटणी लावली, घास तोंडात घातला. आईकडं पाहायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण सारजाबाई म्हणाल्या, हिकडं तोंड कर. तिनं तोंड वळवलं.

“तिखट झालीय का?”

“थोडी.”

“तेल घे वर.”

तिनं तेल घेतलं. दुसरा घास घेतला. आणि मग तिला दिसलं की सारजाबाईंचा जबडा हलतोय. रिकाम्या तोंडानं, अगदी सावकाश, तिच्या चावण्याच्या लयीत. ती थांबली की तो थांबायचा. ती चावायला लागली की पुन्हा हलायचा. सारजाबाईंना ते ठाऊक नसावं. त्यांची नजर फक्त मुलीच्या तोंडावर होती, लहान पोराला भरवताना आईची असते तशी.

शुलमिथच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चटणीत मिसळत होतं. पण तिनं घास खाली ठेवला नाही. पहिली भाकरी संपली.

“आनखी घे,” सारजाबाई म्हणाल्या.

तिनं दुसरी घेतली. पोट कधीच भरलं होतं. ती बारीक बारीक घास करून, प्रत्येक घास जितका वेळ चावता येईल तितका वेळ चावत राहिली.