कुंडीवरची मधमाशी

परदेशातल्या सिटीवेस्ट उपनगराच्या नव्या वसाहतीत घरांच्या मधोमध एक मोकळा तुकडा होता. तिथे मधमाश्यांसाठी फुलबाग करायचं ठरलं आणि रोपं निवडायचं काम सगळ्यांनी ज्ञानदावर सोपवलं. ऑफिसात कोड लिहितानाही तिला त्या बागेतली गुणगुण ऐकू येऊ लागली.

नर्सरीत जाताना तिने सासऱ्यांना सोबत नेलं. नागपूरहून आलेले गुरुनाथ निवृत्त जीवशास्त्र शिक्षक. ते लॅव्हेंडरपाशीच रेंगाळले.

"ज्ञानदा, बघ तरी, किती माश्या घोंघावतायत!"

"पण बाबा, त्यावर लेबल कुठंय?" तिने भरगच्च पाकळ्यांचे बेगोनिया उचलले. कुंडीवर हिरवं वर्तुळ, वर्तुळात हसरी मधमाशी, म्हणजे मधमाश्यांना आवडणारं रोप. ज्ञानदाचं मन निश्चिंत झालं.

जूनची संध्याकाळ इथे संपता संपत नाही. सोनेरी उजेडात लुआस ट्रामची घंटा दूरवर विरत होती आणि बेगोनिया गुलाबी ढगांसारखे फुलले होते. "ग्रँड दिसतायत!" शेजारची मोरा म्हणाली.

बाग मात्र मुकी होती. एक गुबगुबीत भुंगा आला, फुलाभोवती फिरला आणि तसाच निघून गेला. ज्ञानदाने बाबांना हाक मारली.

गुरुनाथांनी एक फूल अलगद उलगडलं. "पुंकेसर नाहीतच. त्यांच्याही पाकळ्या झाल्यात. पाहुण्याला जेवायला बोलावलं आणि चूलच पेटवली नाही!"

"म्हणजे लेबल खोटं?"

"सगळीच नसतात गं. लेबलं आहेत म्हणून तर माणसांना मधमाशी आठवते. पण चित्र दिसलं की आपण बघायचंच थांबवतो."

दुसऱ्या दिवशी तिने नर्सरीत विचारलं. "ते चित्र या कंपनीच्या सगळ्याच कुंड्यांवर छापून येतं, आत कुठलंही रोप असो," विक्रेती ओशाळून म्हणाली.

अरेरे! चित्रातल्या माशीपायी तिने डोळ्यांसमोरच्या जिवंत माश्यांकडे पाठ फिरवली होती!

तिने शेजाऱ्यांना सगळं मोकळेपणाने सांगितलं. बेगोनिया ज्याच्या त्याच्या दारात गेले आणि तुकड्यात लॅव्हेंडर आणि सुवासिक थाईमची रोपं आली. जुलैतल्या एका सकाळी, भुरभुर पाऊस थांबल्यावर, सगळी बाग गुणगुणू लागली. ज्ञानदा डोळे मिटून कितीतरी वेळ उभी राहिली.

आता मोरा आणि ती नर्सरीत गेल्या, की रोपांपुढे थांबतात. कोण येतंय, कुठे बसतंय, ते बघतात. मागच्या गिऱ्हाइकांनाही थांबावंसं वाटतं.

मंडळी, लेबल जरूर वाचा! पण ते वाचून झाल्यावर क्षणभर फुलाकडेही बघा. निसर्गाची खरी सही तिथेच उमटलेली असते.