फळ्यावरची दुरुस्ती

काळाचौकीच्या त्या चाळीत जिन्यापाशी एक काळा फळा आहे. पाणी कधी येणार, कोणाकडे बारसं आहे, सगळं त्यावर लिहिलं जातं. फळ्यावर आलं ते खरं, असा तिथला शिरस्ता. फळा लिहिणाऱ्या दर्शना कदमला म्हणूनच दोन दिवस चैन नव्हती.

वाऱ्यात भरकटून काळ्या पाठीचा सुरय गच्चीवर पडला, तेव्हा तिने न तपासता लिहून टाकलं होतं, ‘आपल्याकडे दुर्मीळ समुद्रपक्षी’. चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचे कार्यवाह बाबुराव यांनी त्याला स्वतःच्या खोलीत ठेवलं. बघायला रांग लागली. त्याच बाबुरावांनी मंडळाच्या सामानाच्या खोलीत उंदरांसाठी चिकट पुठ्ठे आणून ठेवले होते. तिथे पडद्यांच्या गुंडाळीत चिचुंद्रीला पिल्लं झाली होती, आणि पुठ्ठे संध्याकाळी लागणार होते.

दर्शनाने त्यांना अडवून पाहिलं.

“उंदीर तो उंदीर,” बाबुराव म्हणाले. “पडदे कुरतडले तर गणपतीमागे काय, तुझी ओढणी लावू?”

दुपारी पक्षीमित्र येऊन सुरयला घेऊन गेला. त्याच्याकडून तिने खात्री करून घेतली आणि फळा पुसला. वर ‘दुरुस्ती’, खाली दोन रकाने. सुरय: वर्ग पक्षी, कुळ कुरवांचं, खाणं मासे. चिचुंद्री: वर्ग सस्तन, उंदरांच्या गणातली नाही, खाणं झुरळं आणि किडे. दोघांच्या नावापुढे शेरा एकच, ‘किमान चिंता’, म्हणजे जात धोक्यात नाही. शेवटी एक ओळ: ‘दुर्मीळ’ ही चूक माझी.

बाबुरावांनी ते दोनदा वाचलं. “म्हणजे मी ज्याच्यासाठी दोन दिवस जमिनीवर झोपलो, तो साधाच?”

“साधाच, काका. त्या चिचुंद्रीइतकाच.”

“झुरळं खाते?” शेजारच्या सुंदराबाईंनी विचारलं. “मग माझ्या मोरीत पाठवा तिला.”

बाबुराव सामानाच्या खोलीत गेले. त्यांनी पुठ्ठे तसेच बांधून ठेवले आणि काठीने पडदा हळूच उचलला. चिचुंद्री निघाली. तिला तोंडाने धरून एक पिल्लू, त्याला धरून दुसरं, अशी माळच भिंतीच्या कडेने जिन्याखालच्या बिळाकडे चालली. जिन्यावरून माणसं उतरत होती. बाबुरावांनी विसर्जनाचा दोरखंड ओढला आणि तो आडवा धरून उभे राहिले.

“थांबा. आधी यांना जाऊ दे.”

दर्शनाने मोजली, आईसकट पाच. फळ्यावर लिहिण्याआधी ‘पाचच ना?’ असं तिने बाबुरावांनाही विचारून घेतलं.