ओढ्याच्या पात्रात उरलेले रतम

मित्रांनो, मी रतमाचे एक जुने झुडूप आहे. सिनाईच्या डोंगरातल्या कोरड्या ओढ्यात, अगदी पात्रातच उभे आहे. लांबून पाहाल तर कोणी उलटा खराटा रोवून ठेवलाय असे वाटेल. पाने मला परवडत नाहीत. ती फुटतात आणि लगेच गळतात. हिरव्या काड्यांवरच माझे पोट चालते. तहान फार झाली, की मी स्वतःच्या काही फांद्या वाळू देते आणि उरलेल्या जगवते. मुळे मात्र खाली ओल सापडेपर्यंत गेली आहेत.

पूर्वी इथे आम्ही शंभरावर होतो. मग कोळसा विकणारा सुवैलिम कुदळ घेऊन आला. रतमाचा कोळसा राखेखाली फार वेळ धगधगतो, म्हणून शहरात त्याला मागणी. आधी त्याने फांद्या नेल्या, पुढे मुळासकट उपटू लागला. पात्र उघडे पडले.

माझी पाळी आली, तेव्हा त्याची म्हातारी आत्या सबहा माझ्या बुंध्याशी येऊन बसली.

"आत्या, बाजूला हो. काम आहे."

"फांद्या ने हव्या तेवढ्या. मूळ सोड. पूर आला तर कोण अडवणार, तुझी मिशी?"

"कसला पूर? सात वर्षांत थेंब नाही पडला!"

"म्हणून तर भीती वाटते मला."

तो हसला. "बस मग. उद्या बघतो."

दुसऱ्या दिवशी वारा एकदम पडला. मुंग्या अंडी उचलून कड्याकडे निघाल्या. आमच्यावर लख्ख ऊन होते, पण दूर डोंगरमाथा काळा झाला होता. माझ्या मुळांना जमीन थरथरताना जाणवली. पात्रात सुवैलिमची मुलगी नैफा शेळ्या चारत होती, आणि मला ओरडायला तोंड नव्हते.

"नैफा, शेळ्या सोड! वर ये!" काठावरून सबहा ओरडली.

"पिल्लू राहिलंय गं, आजी!"

सबहा काठी टाकून खाली उतरली. तिने पोरीला माझ्याकडे ढकलले. "धर याला! सोडू नकोस!"

तेवढ्यात दगडधोंडे घेऊन गढूळ पाणी आले. त्याला अडवायला वर काहीच उरले नव्हते. माझ्या फांद्या मोडल्या, साल सोलली गेली. नैफाने माझ्या बुंध्याला मिठी मारली होती. मी तिला सोडले नाही. सबहापर्यंत पोचेल अशी फांदी मात्र माझ्याकडे नव्हती.

सबहा तिसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडली. तिला पुरून सुवैलिम माझ्यापाशी आला आणि माझ्या उघड्या मुळांवर ओंजळीने वाळू लोटत राहिला.

आमच्या बियांचे कवच फार टणक असते. पुरात दगडांवर घासून ते झिजले आणि बोटभर उंचीची रोपे वर आली. सुवैलिम त्यांच्याभोवती काटे लावतो, शेळ्या हाकलतो. मित्रांनो, तुम्हीही इथे आलात तर पाय जपून टाका. या रोपांची मुळे खोल जायला कित्येक वर्षे लागतील. आज दुपारपासून वारा पुन्हा तसाच पडला आहे.