घंटांचं वजन

आमच्या पेर्निकमध्ये, बल्गेरियातल्या या खाणींच्या गावात, दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी संमोहनवाला येतो, खाणकामगारांच्या सभागृहात खेळ लावतो आणि माझ्या कामाचं वाटोळं करून जातो. तो गेला की माझ्याकडे दोन तऱ्हेची माणसं येतात. एकांना वाटतं, मी चुटकी वाजवली की त्यांची दारू सुटेल. दुसऱ्यांना वाटतं, मी चुटकी वाजवली की ते चारचौघांत विजार उतरवतील. दोघांनाही समजावून समजावून माझ्या घशाला कोरड पडली आहे. मी संमोहनाने उपचार करणारी मनोविकारांची डॉक्टर, निवृत्तीला टेकलेली, आणि खरं सांगायचं तर आता मला कुणालाच काही समजावायचा कंटाळा येतो.

एका शरदात ओळखीतल्या स्तांकाने मला घरी बोलावलं. तिचा नवरा मेतोदी आयुष्यभर खाणीत राबलेला. त्याचा कॅन्सर पाठीच्या मणक्यात उतरला होता आणि आता करण्यासारखं काही नाही म्हणून त्याला घरी पाठवलं होतं. नर्स सकाळ-संध्याकाळ येऊन इंजेक्शन देऊन जायची. मधली दुपार मात्र त्याला खाऊन टाकायची. त्या दुपारचं काही करता आलं तर बघा, असं स्तांकाचं म्हणणं होतं.

लिफ्ट अर्थातच बंद होती. जिनाभर भाजलेल्या मिरच्यांचा वास होता. वर पोचेपर्यंत मला धाप लागली होती.

मेतोदी भिंतीकडे तोंड करून पडला होता. चादरीचा बोळा मुठीत घट्ट धरलेला.

"कोण आहे?"

"डॉक्टरबाई," स्तांका म्हणाली. "त्या... झोपवतात ना, त्या."

याहून वाईट ओळख कुणी करून दिली नसती.

"हाकल तिला," मेतोदी भिंतीला म्हणाला.

स्तांकाने मला स्वयंपाकघरात नेलं, कॉफी ठेवली आणि मिरच्यांची साल काढता काढता सगळं सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वी सोफियाहून एक प्रोफेसर म्हणवणारा आला होता. शेपटीवाला काळा कोट. त्याने सगळ्या सभागृहाला बोटांत बोटं गुंतवायला लावली आणि म्हणाला, आता हात सुटणार नाहीत. बहुतेकांचे सुटले. मेतोदीचे सुटले नाहीत. त्याला वर बोलावलं. मेतोदी म्हणजे त्यांच्या गावच्या हिवाळ्यातल्या मुखवट्यांच्या मेळ्याचा म्होरक्या, बैलासारखा गडी. त्याला त्या माणसाने खुडूक कोंबडी केलं. खाली टोपी ठेवली, त्यात अंडं आहे म्हणाला. मेतोदी त्यावर बसला आणि जवळ येणाऱ्याला टोचायला लागला.

"खाणीत पुढे कितीतरी वर्षं मागून कुक्-कुक् करायचे," ती म्हणाली. "त्या हिवाळ्यानंतर त्याने मुखवटा घातलाच नाही."

"आणि तू?"

तिने एक मिरची पूर्ण सोलली.

"मी तिसऱ्या रांगेत होते. मीही हसले. पोट धरून हसले, डॉक्टरबाई. तो भानावर आला आणि त्याने समोर पाहिलं, तर पहिली मीच दिसले. आम्ही कधी बोललो नाही त्यावर."

कॉफी संपवून मी पुन्हा आत गेले. मला घरी जायचं होतं. पण तो जिना चढून आले होते, आणि ती मूठ पाहिली होती.

"मेतोदीभाऊ, तुमचे हात सुटले नाहीत हे तुमचं नशीब," मी स्टूल ओढत म्हणाले. "स्टेजवाला अख्ख्या गावातून तुमच्यासारखे चार वेचून घेतो. मला वेचता येत नाही. माझ्याकडे येतात ते बहुतेक ओंडके, काही केल्या न हलणारे."

"म्हणजे मी गावातला सगळ्यात मोठा मूर्ख."

"गोष्ट ऐकताना ज्याचं चुलीवरचं दूध उतू जातं, त्याला मूर्ख म्हणत असाल तर हो."

तो म्हणाला, "टोपीत अंडं नव्हतं. मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी बसलो. हे कसं, ते सांगा मला, तुम्ही एवढ्या शिकलेल्या."

"सगळं गाव बघत होतं. तुम्ही उठला असतात तर खेळ मोडला असता. तो स्टेजवाला त्यावरच पोट भरतो. तुमचं काय होईल, हा प्रश्नच त्याच्याकडे नव्हता. इथे बघायला कोण आहे? मी. आणि माझे पाय दुखताहेत."

तो हसला नाही, पण मान माझ्याकडे वळली.

"मुखवट्यांच्या मेळ्यात तुम्ही काय व्हायचात?" मी विचारलं.

"अस्वल."

"चार पायांवर?"

"पहाटेपासून. एकदा गावच्या पाद्र्याच्या बायकोला बर्फात लोळवलं होतं."

"आणि लाज?"

"कसली लाज? अस्वल मी होतो. दमलो की मुखवटा काढायचा, रकिया दारूचा घोट घ्यायचा, पुन्हा घालायचा. कोणाच्या बापाची हुकमत नव्हती."

"मग इथेही तसंच. घालायचा तुम्ही, काढायचा तुम्ही. मी नुसती शेजारी चालणार."

"बघतो," तो म्हणाला, आणि डोळे मिटले. मी दोन वाक्यं बोलले नसेन, तोच डोळे उघडले.

"काढला."

"छान. पुन्हा घाला."

असं त्याने बऱ्याचदा केलं. माझी कंबर स्टुलावर मोडायला आली होती. चिडावंसं वाटलं, पण चिडायलाही अंगात जोर लागतो. शेवटी त्याने आपणहून डोळे मिटून ठेवले.

"कमरेला घंटा बांधायचात ना," मी विचारलं. "जड असतील."

"पितळेच्या. पहिला तासभर कंबर तुटते. सुरुवातीला पोरं रडायची." तो सावकाश बोलत होता. "मग पाय लयीत पडले की कळत नाही."

"वजन कुठे जातं?"

"कुठे जाईल? कमरेलाच असतं. पण ते वाजायला लागतं."

इतकी वर्षं हे काम केलं, पण मला असलं वाक्य सुचलं नव्हतं. मी माझी संमोहनाची ठरलेली, जिना उतरण्याची आणि समुद्राची वाक्यं बाजूला ठेवली आणि त्याचीच त्याला परत दिली. पाय लयीत पडताहेत. वजन कमरेला आहे. ते आता वाजतंय. चादरीवरची मूठ हळूहळू सुटली.

डोळे उघडल्यावर तो म्हणाला, "दुखतंय. पण लांब." मग विचारलं, "उद्या?"

आता खरी पंचाईत होती. रोज तो जिना चढणं माझ्या पायांना झेपणारं नव्हतं, आणि हे रोज दुपारी लागणार होतं. घरातल्या कुणीतरी शिकायला हवं होतं. मुलगी स्पेनमध्ये, स्ट्रॉबेरीच्या शेतांवर. उरली स्तांका.

"ती नको," मेतोदी म्हणाला.

"दुसरं कोण आहे?"

"ती हसेल."

स्तांका दारातच उभी होती. मिरच्यांनी हात काळे झालेले. तिने ऐकलं आणि ती हात धुवायला निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी कशीबशी वर पोचले, तेव्हा तिने माझं स्टूल पलंगाला लावून ठेवलं होतं आणि त्यावर स्वतः बसली होती. मेतोदी छताकडे बघत होता. नको म्हणाला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता.

मी कोपऱ्यात बसले. स्तांका स्टेशनवर गाडीची घोषणा करावी तशी बोलायला लागली. पाय लयीत पडताहेत, मेतोदी. त्याने डोळे मिटले. लगेच उघडले आणि थेट तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. तिने नजर हलवली नाही. त्याने पुन्हा मिटले, पुन्हा उघडून पाहिलं, पुन्हा मिटले.

"कमरेला वजन आहे," स्तांका म्हणाली. "आहे, पण ते आता..."

तिथे तिचा आवाज फुटला; डोळे मिटून ऐकणाऱ्याला हुंदका की हसू, कळलं नसतं. तिने तोंडावर हात दाबला आणि माझ्याकडे पाहिलं. सगळं मुसळ केरात गेलं, असंच वाटलं मला. एवढे जिने फुकट.

मेतोदीचे डोळे मिटलेलेच होते. त्याने हात लांबवला, तो तिच्या गुडघ्याला लागला.

"बोल ना," तो म्हणाला. "थांबू नकोस."